पोलादी लक्ष्य लावताना: शिसे जाते कुठे?

कागदावर सराव करणारा माणूस पहिल्यांदा पोलादावर गोळी मारतो, तेव्हा बहुतेक वेळा हसतो. ट्रिगर ओढला, क्षणभर काहीच नाही, आणि मग लांबून 'ठण्ण'! १०० मीटरवर हा आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत कानी येतो. ३०० मीटरवर मात्र गोळीला जायला आणि आवाजाला परत यायला मिळून सव्वा सेकंदाच्या वर वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस श्वास रोखून बसतो. दुर्बिणीतून भोक शोधत बसायला नको, कागद बदलायला दर दहा मिनिटांनी चालत जायला नको. पोलादाचे व्यसन लागते ते यामुळेच.

पण कागद आणि पोलाद यांत एक मोठा फरक आहे. कागदातून गोळी आरपार जाते आणि मागच्या मातीत रुतते. पोलाद तिला जाऊ देत नाही. ती तिथेच फुटते, आणि फुटलेले शिसे कुठेतरी जातेच. पाटी कोणती घ्यायची, किती जाड, किती लांब, कशी टांगायची, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मी एकच प्रश्न ठेवतो: शिसे जाते कुठे? त्याचे उत्तर पक्के असेल तर बाकीचे चुकले तरी फार तर पैसे वाया जातात. ते उत्तर ठाऊक नसेल, तर महागातली पाटीही धोक्याचीच.

हा लेख रायफलसाठी आहे. परवाना, बंदूक हाताळण्याचे मूळ नियम आणि जिथे नेमबाजी करायची तिथली परवानगी हे सगळे आधीच झालेले आहे, असे मी गृहीत धरतो.

आधी गोळी कशी फुटते ते समजून घ्या

रायफलची नेहमीची गोळी म्हणजे आत शिसे आणि वर तांब्याचे पातळ कवच. सेकंदाला ७००–८०० मीटरच्या वेगाने ती कडक, सपाट पोलादावर आदळते तेव्हा शिसे जवळजवळ पाण्यासारखे वागते. बादलीभर पाणी भिंतीवर जोरात फेकून पाहा. ते तुमच्याकडे फारसे परत येत नाही, भिंतीलगत चहूकडे पसरते. शिशाचेही तसेच होते. पाटीच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर, फार तर २० अंशांच्या आतबाहेर, वर-खाली-डावी-उजवीकडे शिंतोड्यांची एक चकती उडते. म्हणजे पाटीच्या थेट समोरचा माणूस त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि पाटीच्या रेषेत बाजूला उभा असलेला सर्वांत धोक्यात. नवख्या माणसाला हे उलटे वाटते.

हे सगळे पाटी सपाट असेपर्यंतच खरे. स्वयंपाकघरातल्या नळाखाली एकदा चमचा वाटीची बाजू वर करून धरा. पाणी उसळून थेट तुमच्या अंगावर येते. पाटीवरचा खळगा म्हणजे तोच चमचा. खळग्यात शिरलेले शिसे वळण घेऊन आले त्याच वाटेने, नेमबाजाकडे, परत फिरते. त्याच्याबरोबर कवचाच्या किरचाही येतात. शिशाच्या भुकटीपेक्षा तांब्याच्या या धारदार किरचाच माणसांना जास्त जखमा करतात.

म्हणून पोलाद कडक हवे ते केवळ पाटी टिकावी म्हणून नाही. तिच्यावर खळगे पडू नयेत म्हणून ते कडक हवे.

पोलाद: एमएस नको, एआर हवे

नवशिक्यांची पहिली चूक ठरलेली असते. फॅब्रिकेशनच्या दुकानात पडलेला एमएसचा, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचा, जाडजूड तुकडा कापून आणायचा. मीही आणला होता. २० मिमी जाड, हलवायला दोन माणसे लागत. वाटले, याला काय होणार! पहिल्याच दिवशी त्याच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. आरपार काही गेले नाही, पण प्रत्येक खड्ड्याभोवती उलटलेली धारदार कड उभी राहिली. संध्याकाळी शर्टाच्या बाहीत अडकलेली तांब्याची एक बारीक किरच सापडली. बाहीत सापडली म्हणून त्यावर विनोद करता आला. जाडी गोळीला थांबवते, खळगा मात्र थांबवत नाही. त्यासाठी काठिण्य लागते.

एआर हे नाव झिजेला दाद न देणाऱ्या पोलादाचे. खाणीतल्या डंपरचे हौद, दगड फोडणाऱ्या यंत्रांची अस्तरे, बुलडोझरची पाती यांसाठी ते बनते. नेमबाजांनी ते उसने घेतले आहे. एआर५०० अशा नावातला पुढचा आकडा ब्रिनेल काठिण्याचा. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली ही मोजणी मांडली: ठरावीक आकाराचा कडक गोळा ठरावीक भाराने धातूवर दाबायचा आणि उमटलेल्या खळग्याच्या मापावरून काठिण्य काढायचे. योगायोग असा की गोळीही हीच परीक्षा घेते, फक्त जास्त घाईने. एमएसचे काठिण्य साधारण १२० ते १५० भरते. एआर५०० चे त्याच्या साडेतीन-चारपट.

रायफलसाठी एआर५०० ही किमान पातळी धरा. एआर४०० पिस्तुलाच्या संथ गोळ्यांना चालते, रायफलला अपुरे पडते. एआर५५० आणखी कडक. वेगवान गोळ्यांपुढे जास्त तग धरते आणि महागही असते. सुरुवातीला त्याची गरज नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. 'एआर५००' हे बाजारातले ढोबळ नाव आहे. त्याची नेमकी घडण कारखान्यागणिक बदलते. हार्डॉक्स ५०० सारख्या नाममुद्रेच्या पोलादाचे काठिण्य ४७० ते ५३० या पट्ट्यात असल्याचे कारखाना लेखी देतो. सुटा तुकडा घेताना विक्रेत्याकडे त्या प्लेटचे टेस्ट सर्टिफिकेट मागा. 'साहेब, एआरच आहे' या आश्वासनाचे ब्रिनेल काठिण्य शून्य असते.

आता उष्णता. या पोलादाला कडकपणा येतो तो कारखान्यात तापवून झटकन थंड केल्याने. तुम्ही ते पुन्हा तापवलेत की तेवढ्या भागातला कडकपणा उतरला. गॅस कटरने कापलेल्या पाटीच्या कडेला मऊ पडलेला रुंद पट्टा असतो. प्लाझ्माने तो कमी होतो, लेझरने आणखी कमी आणि वॉटरजेटने जवळजवळ राहतच नाही. म्हणून पाटी कापून आणि भोके पाडूनच मागवा. एआरच्या पाटीला मागून कडी किंवा अँगल वेल्ड करून देतो असे कुणी म्हटले तर नको म्हणा. वेल्डच्या मागे पाटीच्या चेहऱ्यावर मऊ डाग तयार होतो. पुढे खळगे नेमके तिथेच पडतात आणि तडेही तिथूनच सुरू होतात.

भंगारातल्या वस्तूंचा मोह टाळा. जुने गॅस सिलिंडर, गाडीची ड्रम, नांगराची वाटीदार तबकडी या वस्तू गोल किंवा खोलगट असतात. गोल वस्तू शिसे कुठेही फेकते. वाटीदार तबकडी तर ते गोळा करून तुमच्याकडेच परत पाठवते. सिलिंडरमध्ये काय उरले असेल, हा प्रश्न आणखी वेगळा.

जाडी आणि वेग

.२२ रिमफायरसाठी, म्हणजे तळाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या छोट्या काडतुसासाठी, ६ मिमी एआर५०० पुरते. नेहमीच्या सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मधोमध ठोका बसणाऱ्या जोरकस काडतुसांच्या, रायफलीसाठी १० मिमी. इंचात मोजणारे त्याला तीन-अष्टमांश म्हणतात, ते भरते साडेनऊ. मॅग्नम, म्हणजे जादा दारूची, काडतुसे वापरणार असाल किंवा पाटी सामायिक रेंजवर रोज शेकडो गोळ्या खाणार असेल, तर १२ मिमी घ्या. पिस्तुलासाठी विकलेली पातळ पाटी रायफलसमोर कधीही ठेवू नका, 'दोनच गोळ्या मारतो' म्हणूनही नाही.

पाटी कशाने खराब होते, याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. .३०८ नावाच्या काडतुसाची ११ ग्रॅमची गोळी ८०० मीटर प्रति सेकंदाने निघाली तर तिच्यात सुमारे ३,५०० ज्यूल ऊर्जा असते. .२२३ ची साडेतीन ग्रॅमची गोळी ९९० मीटरने निघते आणि तिची ऊर्जा जेमतेम निम्मी भरते. तरी जवळून मारल्यास खळगा पाडते ती .२२३. .३०८ पाटीला जोरात ढकलते, झोके देते, पण चेहरा बहुधा शाबूत ठेवते. पोलादाच्या पृष्ठभागाला वेग मारतो. आदळतानाचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर गेला की एआर५०० वरही खुणा राहू लागतात. १०० मीटरपर्यंत पोहोचताना तीच .२२३ ची गोळी साडेआठशेच्या आसपास येते. अंतराचा नियम पाटीसाठीही का महत्त्वाचा, ते यावरून कळेल. जास्त वेगाच्या हलक्या गोळ्या वापरणाऱ्यांनी अंतर आणखी वाढवावे.

अंतर

सेंटरफायर रायफलसाठी किमान १०० मीटर. यात घासाघीस नाही. .२२ रिमफायरसाठी किमान २५ मीटर, आणि माझे मत विचाराल तर ५० बरे. बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरचे स्कीइंग आणि नेमबाजी यांच्या जोडखेळात, .२२ रायफलीने धातूच्याच लक्ष्यांवर ५० मीटरवरून नेम धरतात: झोपून मारताना ४५ मिमी व्यासाचे लक्ष्य, उभे राहून मारताना ११५ मिमीचे. म्हणजे तेवढे अंतर कंटाळवाणे मुळीच नाही.

दुसऱ्या टोकालाही एक धोका आहे. गोळी फारच संथ असेल, साधारण २३० मीटर प्रति सेकंदाखाली, तर ती फुटत नाही, नुसती चेपते आणि अख्खीच्या अख्खी उसळते. कमी भाराची, संथ काडतुसे पोलादासाठी नकोत. एअर रायफलमधले पोलादी छर्रेही नकोत. ते फुटतच नाहीत, थेट परत येतात.

काडतुसे तपासा: खिशात चुंबक ठेवा

पोलादावर चालते ती शिशाची किंवा तांब्याच्या कवचातल्या शिशाची गोळी. पोलादी गाभ्याची, चिलखतभेदी, पोलादी टोकाची किंवा ट्रेसर (जाताना जळत उजेडाची रेघ सोडणारी) गोळी नको. कडक गाभा पाटीत खळगा खणतो आणि स्वतः न फुटता कुठल्याही दिशेला निघून जातो. ५.५६ ची एसएस१०९ ही हिरव्या टोकाची गोळी बाहेरून नेहमीसारखीच दिसते, पण कवचाच्या आत टोकाशी पोलादाचा तुकडा असतो. अशा गोळ्यांनी एका दुपारीत चांगली पाटी कायमची वाया जाते.

ओळखायचे कसे? साधे चुंबक घ्या आणि गोळीला लावा. टोकालाही आणि बाजूलाही. चिकटले तर ते काडतूस पोलादासाठी बाद. कधी गाभा पोलादी नसतो, फक्त कवच पोलादाचे असून त्यावर तांब्याचा मुलामा असतो. चुंबकाला दोन्हींतला फरक कळत नाही. तुम्हीही तो शोधत बसू नका. कागदासाठी वेगळी ठेवा. मात्र चुंबक गोळीलाच लावा, मागच्या केसला, म्हणजे दारू भरलेल्या नळकांड्याला, नाही. काही काडतुसांची केस पोलादाची असते आणि त्याचा इथे काही संबंध नसतो. यावरून चांगली काडतुसे बाद ठरवणारे मी पाहिले आहेत.

संपूर्ण तांब्याच्या, शिसे नसलेल्या गोळ्या शिशापेक्षा कडक असतात आणि मोठ्या तुकड्यांत फुटतात. सुरुवातीच्या काळात त्या पोलादावर वापरू नका.

आकार, वजन, प्रकार

१ मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग), म्हणजे नेमबाजांच्या भाषेत १ एमओए, १०० मीटरवर २.९ सेंमी भरतो. नवख्या हाताला झोपून, टेकूवरून ५–७ मिनिटांचे लक्ष्य सुखाचे वाटते. त्या हिशोबाने १०० मीटरवर २० सेंमी आणि २०० मीटरवर ३० सेंमीची गोल पाटी घ्या. लहान पाटी जास्त कस पाहते खरी, पण हुकलेली प्रत्येक गोळी मागे जाते, आणि स्टँडचे पाय फुटतात तेही लहान पाट्यांमुळेच.

वजन घरीच काढता येते. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन ७.८५ ग्रॅम. १० मिमी जाडीची २० सेंमीची चकती अडीच किलोच्या आत, ३० सेंमीची साडेपाच किलो, आणि ४५ × ७५ सेंमीची आयताकृती पाटी साडेसव्वीस किलो. ही शेवटची रोज गाडीतून नेऊन आणायची आहे, हे घेतानाच आठवा. कापलेल्या एआरच्या कडा हात चिरतात; जाड हातमोजे लागतात.

प्रकार पुष्कळ आहेत. मेक्सिकोत उगम पावलेल्या धातुछायाकृतींच्या, म्हणजे प्राण्यांच्या आकारात कापलेल्या पाट्यांच्या, खेळात २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा उभा करतात, आणि तो नुसता वाजून चालत नाही, पाडावा लागतो. गोल फिरणाऱ्या, आपोआप उठणाऱ्या, झाडावरच्या पानांसारख्या पलटणाऱ्या पाट्याही मिळतात. पहिली पाटी मात्र टांगलेली गोल चकतीच घ्या. फिरणारी पाटी हलत असतानाच दुसरी गोळी लागली तर त्या क्षणी ती कोणत्या कोनात होती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग शिसे कुठे गेले तेही नाही.

टांगणी: वरची कड पुढे

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. पाटी सरळ उभी असली तर शिंतोड्यांची चकतीही उभी, म्हणजे निम्मे शिसे वर आणि बाजूला उडते. पाटीचा चेहरा जमिनीकडे १५ ते २० अंश झुकवला की बरेचसे शिसे पाटीच्या पुढ्यातल्या मातीत जाते. ३० सेंमीच्या पाटीला एवढा झुकाव म्हणजे वरची कड खालच्या कडेपेक्षा ८ ते १० सेंमी पुढे. मोजपट्टीने मोजा किंवा मोबाइलमधले कोनमापक पाठीला लावा; नजरेने ठरवू नका. पाटी चुकूनही मागे, आकाशाकडे झुकलेली नको.

साखळीने टांगलेली पाटी आपोआप झुकवण्याची युक्ती सोपी आहे. साखळी पाटीच्या मागे, पाटीपासून थोडी दूर अडकवायची. वजनाचा मध्य टांगणीच्या खाली यायला बघतो, खालची कड मागे सरकते आणि वरची पुढे येते. ३० सेंमीच्या चकतीत भोके मध्यापासून १२ सेंमी उंचीवर असतील, तर साखळी पाटीच्या मागे सव्वातीन ते साडेचार सेंमीवर धरली की बरोबर १५ ते २० अंश मिळतात. हे अंतर राखायला लांब बोल्टवर पाइपचा तुकडा किंवा वायसर आणि जादा नट घाला. झुकाव कमी वाटला तर एक वायसर वाढवा.

बोल्ट कॅरेज बोल्टच वापरा. डोके गोल घुमटाकार आणि त्याखाली चौकोनी मान. पाटीतले भोकही चौकोनी असले म्हणजे बोल्ट फिरत नाही. गुळगुळीत डोके नेमबाजाकडे, नट मागे. षटकोनी डोक्याचा बोल्ट पुढे ठेवलात तर त्याच्या प्रत्येक कडेवरून शिसे वेगळ्या दिशेला उडेल. नट करकचून आवळू नका. पाटीला हलायला थोडी मोकळीक हवी. गोळीचा धक्का पाटीने झोका घेऊन सोसला पाहिजे. घट्ट जखडलेली पाटी तो सोसत नाही आणि मग बोल्ट तुटतो.

टांगणी दोन ठिकाणी हवी. एकाच साखळीवरची पाटी गिरक्या घेते आणि बाजूला तोंड करून बसते. दोन्ही साखळ्या वरच्या आडव्या दांड्यावर थोड्या फाकवून बांधा आणि आखूड ठेवा. साखळीचे तोटे मी बरेच पाहिले: कडी गोळीने तुटते, तुटलेला तुकडा उडतो, पाटी खाली पडते. एका दोस्ताने साखळी पाटीच्या पुढून घेतली होती. तिसऱ्या गोळीला पाटी जमिनीवर, आणि कडीचा अर्धा भाग कुठे गेला ते आजतागायत कळलेले नाही. साखळीऐवजी जुन्या कन्व्हेयर बेल्टची किंवा अग्निशमनाच्या पाइपची पट्टी वापरता येते. गोळी तिच्यातून भोक पाडून निघून जाते, पट्टी तशीच लोंबत राहते. मला हीच जास्त आवडते, फक्त पावसाळ्यानंतर ती कुजली नाही ना हे बघावे लागते.

स्टँड लाकडाचा करा. दोन्ही बाजूंना घोडीसारखे पाय आणि वर आडवा दांडा. लाकूड शिसे पोटात घेते, परत फेकत नाही, आणि फाटले की स्वस्तात बदलता येते. लोखंडी स्टँडच वापरायचा असेल तर त्याचा कुठलाही सपाट भाग नेमबाजाकडे तोंड करून उघडा राहू देऊ नका. पायांपुढे अँगल असा लावा की त्याची धार तुमच्याकडे येईल.

जागा

पाटी गोळी अडवते, पण तुमच्या हुकलेल्या गोळ्या अडवत नाही. .२२ ची क्षुल्लक वाटणारी गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते, सेंटरफायरची तीन-चार किलोमीटर. म्हणून मागे उंच, जाड मातीचा बांध हवाच. पाटी त्या बांधाच्या पायथ्याशी, अशी की झोपून, बसून आणि उभे राहून तिन्ही स्थितींत नेम धरला तरी पाटीच्या मागे आणि वर भरपूर मातीच दिसावी. पाटीमागे आकाश दिसत असेल तर जागा चुकली. झाडी, झुडपे म्हणजे बांध नव्हे. पाण्याचा पृष्ठभागही नव्हे. त्यावरून गोळी टप्पा घेते.

पाटीच्या पुढ्यातल्या जमिनीकडे लोक बघतच नाहीत. आपण शिसे मुद्दाम तिथे पाठवतो आहोत. तिथे खडी, मुरूम, काँक्रीट असेल तर ते तिथून पुन्हा उसळणार. स्टँडभोवतीचे दोन-तीन मीटर दगड वेचून काढा आणि वाळू किंवा भुसभुशीत माती पसरा. उन्हाळ्यात वाळलेले गवत आधी कापा आणि हाताशी पाणी ठेवा. शेजारची पाटी एवढी लांब लावा की एकीचे शिंतोडे दुसरीच्या पायांवर येणार नाहीत.

पहिल्या दिवशी

नवी मांडणी केली की मी पाटीभोवती पुठ्ठे उभे करतो. दोन्ही बाजूंना एकेक, आणि तीन-चार मीटर पुढे, नेमबाजाच्या दिशेने एक, फक्त गोळीच्या वाटेच्या खाली राहील इतका बुटका. पाच गोळ्या पाटीच्या मधोमध मारायच्या आणि मग जाऊन पुठ्ठे वाचायचे. बाजूच्या पुठ्ठ्यांवर खालच्या भागात चिरा दिसतील, ते ठीक. वरपर्यंत चिरा असतील तर झुकाव कमी आहे. पुढच्या पुठ्ठ्यात भोक असेल तर त्या दिवशी पुढे मारायचे नाही: पाटी खराब, काडतूस चुकीचे किंवा जमिनीत दगड, यांपैकी काहीतरी आहे. पुठ्ठ्याला खर्च नाही आणि तो खोटेही बोलत नाही.

डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तो साध्या नंबरचा नव्हे. एएनएसआय झेड८७.१ सारख्या आघात-मानकाचा, बाजूनेही झाकणारा घ्या. तो फक्त नेमबाजाने घालून भागत नाही. मागे खुर्चीत बसलेले, मुलाला घेऊन बघायला आलेले, फोटो काढणारे, सगळ्यांनी घालायचा. कानांचे वेगळे सांगायला नको: रायफलचा बार १४० डेसिबलच्या बराच वर जातो, बोळे आणि वरून इअरमफ दोन्ही घाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी. बघणारे नेमबाजाच्या मागे, बाजूला पुढे नाही.

पाटीकडे जायचे तेव्हा सगळ्या रायफली रिकाम्या, त्यांचे बोल्ट (काडतुसाची जागा बंद करणारे खटके) उघडे, चेंबरमध्ये, म्हणजे त्या काडतुसाच्या जागेत, रिकामेपणा दाखवणारी झेंडी, आणि कुणीही बंदुकीला हात लावायचा नाही. मग पाटी रंगवा. साधा पांढरा स्प्रे पुरतो. पुढच्या गोळ्यांचे करडे ठिपके त्यावर दुर्बिणीतून स्वच्छ दिसतात. रंगाचे डबे परत आणा. पाटीखाली ठेवलेला डबा हमखास कुणालातरी लक्ष्य वाटतो. घरी आल्यावर जेवणाआधी हात आणि तोंड साबणाने धुवा. पाटीजवळची राखाडी धूळ शिशाची असते.

पाटीचा चेहरा वाचणे

रंग लावण्याआधी दर वेळी पाटीवरून बोटे फिरवा, हातमोजा काढून पण जपून. शिशाचे डाग गुळगुळीत लागतात. ते काळजीचे नाहीत. नखाला अडेल असा खळगा, उलटलेली कड, भोकापासून निघालेला तडा यांपैकी एकही दिसला तर पाटी रायफलसाठी संपली. खळगा भरून वेल्ड करता येत नाही, कारण वर सांगितले. ग्राइंडरने कड घासून काढली तरी खळगा राहतोच, वर पोलाद तापते ते वेगळे. पाटी थोडी वाकली असेल, वाटीचे तोंड मागे असेल आणि चेहरा स्वच्छ असेल, तर ती उलटून टांगू नका. फुगीर बाजू मागे गेली की पुढे वाटी तयार होते. लोक 'सरळ होईल' म्हणून ती उलटवतात. सुटी सपाट पाटी अधूनमधून उलटवणे ठीक, वाकलेली नाही. बोल्टची डोकी झिजतातच. दर काही सत्रांनी ती बदला, त्यासाठी गाडीत चार जादा बोल्ट ठेवा.

सामायिक रेंजवर आधीपासून टांगलेल्या पाटीवर तर पहिल्या गोळीआधी हे सगळे तपासाच. काल तिच्यावर कुणी काय मारले हे तुम्हाला ठाऊक नसते. खळगे दिसले तर रेंजच्या माणसाला दाखवा आणि दुसरी पाटी मागा.

बाद पाटी दुसऱ्या नवशिक्याला देऊ नका, स्वस्तातही नाही. माझी ती २० मिमीची एमएस आज सायकलच्या पंक्चर काढायच्या बाकाखाली वजन म्हणून पडली आहे, खड्ड्यांची बाजू वर करून.